अटीत नसलेलं कुत्रं

काकूचा फोन सकाळी सव्वासहाला आला की दोनच शक्यता असतात. एक तर नात्यात कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर नांदेडच्या घराची बोअरची मोटर जळालेली असते. ऑगस्ट २०२२ मधल्या त्या फोनवर मात्र ती म्हणाली, "बाई, तुझ्या भाडेकऱ्यानं कुत्रं आणलंय. माझ्या जिन्याखालीच बांधलंय. मी खाली कशी उतरू सांग?"

आमच्या नातेवाइकांपैकी बहुतेकांना हा किस्सा अर्धवट माहीत आहे, आणि प्रत्येकाचा अर्धा वेगळा आहे. म्हणून एकदा पूर्ण लिहून टाकते. ज्यांची घरं भाड्यानं दिलेली आहेत (आणि आमच्यात अशी मंडळी बरीच आहेत, घर नांदेडला आणि माणसं पुण्याला) त्यांच्यासाठी माझं त्यातून झालेलं मतही सांगते. पटलं नाही तर भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

घर तरोड्यातलं, बाबांनी बांधलेलं. खाली हॉल, किचन, दोन खोल्या, मागे न्हाणी आणि थोडी मोकळी जागा. वर काकू एकटी राहते. वर जायचा जिना बाहेरून, चार फुटी बोळातून. बाबा गेल्यावर खालचा भाग भाड्यानं दिला. मी लातूरला. म्हणजे मालकीण कागदावर मी, प्रत्यक्षात काकू.

आता काकूचं कुत्र्याशी वैर का, ते सांगायला हवं, नाहीतर ती उगाच कटकटी म्हातारी वाटेल. ती आठ-नऊ वर्षांची असताना शेतात तिला कुत्रं चावलं होतं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्याकडे २००४ नंतर बंद झाली, पण ज्यांनी घेतली त्यांच्या पोटाला ती अजून आठवते. काकू आजही रस्त्यात कुत्रं दिसलं की पदर पोटाशी धरते. तर अशी बाई वर, आणि खाली जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी साखळीनं बांधलेलं कुत्रं.

मी लगेच भाडेकऱ्याला फोन लावला. ज्युनिअर कॉलेजवर शिकवणारे गृहस्थ, बायको, एक मुलगा तिसरीतला. दीड वर्षात भाडं कधी पाच तारखेच्या पुढे गेलं नव्हतं. ते म्हणाले, "नाही मॅडम, पाहुण्यांचं आहे. दोन दिवसांत घेऊन जातील." मी बरं म्हणाले. काकूला कळवलं. काकू हसली. "दोन दिवस? अगं, मी औरंगाबादला लेकीकडं गेले होते ना महिनाभर, तेव्हापासनं आहे म्हणे ते. समोरच्या वकिलीणबाईनं सांगितलं." (औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तरी काकू औरंगाबादच म्हणते.)

इथं मला खरा राग आला. कुत्र्याचा नाही, खोटं बोलल्याचा. हा फरक तेव्हा कळला नव्हता, दोन दिवस मी "कुत्रं, कुत्रं" करत घरात तणतणत होते. आज वाटतं की घरमालक-भाडेकरू भांडणांत निम्म्या वेळा असंच होतं. दुखतं एक आणि आपण दाखवतो भलतंच.

मग सल्ले सुरू झाले. आमच्यात सल्ल्यांची कमी नाही. एका काकांनी सांगितलं, बोअरचं बटण वरच्या मजल्यावर आहे ना, चार दिवस मोटर चालूच करू नको, आपोआप जातील. भावाचं म्हणणं, मीटर आपल्या नावावर आहे, लाइट बंद कर. पुण्याच्या भाच्यानं उलट बाजूनं व्हॉट्सअॅप पाठवलं की कुत्रं पाळायला कुणीच मनाई करू शकत नाही, कायदा आहे. तिघांचं ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा नांदेडच्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "करार कुठाय?"

करार होता. २०२१ मध्ये केलेला, शंभराच्या बाँडवर, नोटरी केलेला, अकरा महिन्यांचा. अकरा महिने कधीच संपले होते. पुढचं सगळं "चालू द्या की" वर चाललं होतं. आणि त्या करारात कुत्रं, मांजर, पोपट, कशाचाही शब्द नव्हता. भाडं, डिपॉझिट, लाइटबिल, रंग. किल्ली देताना मी तोंडी बरंच काही सांगितलं होतं. भिंतीला खिळे ठोकू नका, गच्चीवर पापड वाळवायचे तर काकूला विचारून. कुत्र्याबद्दल? मला अगदी स्पष्ट आठवत होतं की मी "प्राणी चालणार नाहीत" म्हणाले होते. नंतर त्यांच्या बायकोला अगदी स्पष्ट आठवत होतं की मी काहीच म्हणाले नव्हते. आता कोण खरं?

वकिलांनी सांगितलं ते असं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याआधी आपल्या मराठवाड्यात निजामी वारशातला १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा चालायचा. तर या नव्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आठवण कुणाची खरी हा वाद कायद्यानं आधीच मिटवून ठेवला होता, आणि माझ्या विरुद्ध.

"अकरा महिन्यांचा केला की रजिस्टर लागत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते १९०८ च्या नोंदणी कायद्यातनं आलंय, एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो म्हणून. महाराष्ट्रात ते केव्हाच लंगडं झालंय. तरी नांदेड काय, लातूर काय, कोर्टासमोरच्या टपऱ्यांवर अजून तोच बाँड, तोच टाइप केलेला मजकूर, नाव बदलून.

पाणी तोडायच्या सल्ल्याबद्दल वकील जरा चिडलेच. कलम २९. पाणी, वीज अशा आवश्यक सोयी मालकानं बंद करायच्या नाहीत. भाडं थकलं असलं तरी नाही, कुत्रं आणलं म्हणून तर अजिबात नाही. मला कलम सांगायची गरज नव्हती. मी २०१६ साली लातूरला होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे पहिल्यांदा आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घागरीवरून जी भांडणं झाली ती पाहिलेल्या माणसानं दुसऱ्याचा नळ बंद करायची भाषा करू नये. काकांना मी तसं सांगितलं. ते आठ दिवस बोलले नाहीत. असो.

भाच्याच्या व्हॉट्सअॅपमध्येही अर्धसत्य होतं, आणि हे अनेकांचं होतं म्हणून लिहिते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, केरळ उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये तसा निकाल दिलाय, की सोसायटीला, रहिवासी संघाला, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. बरोबर. पण ते सोसायटी आणि रहिवासी यांच्यातलं झालं. मी माझं घर देताना करारात काय अट घालते हा माझ्या आणि भाडेकऱ्यामधला व्यवहार. ती अट घालायचा हक्क मला आहे, असं माझं आजही मत आहे. फक्त तो किल्ली देण्याआधी वापरायचा असतो. मी वापरला नव्हता.

उरला उपद्रवाचा मुद्दा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव होत असेल तर घर खाली करून मागता येतं, कलम १६ मध्ये आहे ते. पण नुसतं कुत्रं असणं म्हणजे उपद्रव नव्हे, तो सिद्ध करावा लागतो, कोर्टात. वकील म्हणाले, "मॅडम, केस चालेल तोवर कुत्रं म्हातारं होऊन जाईल. जाऊन भेटा."

रविवारी एसटीनं निघाले. लातूर, चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा, नांदेड. या रस्त्यानं किती वेळा गेले असेन, पण त्या दिवशी माळेगाव आलं आणि हसू आलं. माळेगावचा खंडोबा. मार्गशीर्षात तिथं यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, आणि जिल्हा परिषद चक्क कुत्र्यांचं प्रदर्शन भरवते. खंडोबाबरोबर कुत्रं असतंच. तिकडे माहूरला दत्त, त्यांच्या पायाशी चार. आपल्या एका नांदेड जिल्ह्यात दोन मोठे देव आणि दोघांनाही कुत्र्याशिवाय करमत नाही. आणि आम्ही दोघांच्याही तसबिरी लावलेल्या घराच्या दारावर "कुत्रं चालणार नाही" म्हणणार. देवाला जागा भाड्यानं द्यायची वेळ आली तर काय करू आपण?

(आणि देवच कशाला. कुणाला घर द्यायचं आणि कुणाला नाही याच्या आपल्या खऱ्या अटी बाँडवर लिहिता येत नाहीत म्हणून आपण तोंडी घालतो. "पूर्ण नाव काय तुमचं?", "जेवणखाण कसं?" वगैरे. आणि ज्या लिहिता येतात, त्या लिहायच्या राहून जातात. मी हे प्रश्न विचारले नाहीत असं म्हणायला मला आवडलं असतं.)

घरी पोचले तर बोळात ते कुत्रं. मी काहीतरी गुबगुबीत, पांढरं, केसाळ समजून गेले होते. हे उंच, सडपातळ, छाती खोल, पोट आत गेलेलं, कानांवर आणि पायांवर लांब मऊ केस. पश्मी. चाकूर तालुक्यात जानवळकडे ही कुत्री पाळतात, शिकारीची जात, शेतात सशामागं वाऱ्यासारखी पळणारी. ते चार फुटी बोळात दीड हाताच्या साखळीला होतं. मला बघून भुंकलंसुद्धा नाही. उठलं, एक पाऊल पुढं आलं, साखळी ताणली गेली, परत बसलं.

बाईंनी चहा केला. दहा मिनिटं कुणी विषय काढेना. मग त्याच म्हणाल्या, "ताई, आमच्या दादांचं आहे ते." दादा म्हणजे त्यांचे वडील. जूनमध्ये गेले. शेत बटईनं दिलं, वाडा बंद केला. कुत्रं शेतातल्या आखाड्यावर राहायचं, बटईदारानं आठ दिवस भाकरी टाकली, ते खाईना. "मग घेऊन आलो. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि नाही म्हटल्यावर मी त्याला कुठं सोडू?"

खरं सांगते, मी नाहीच म्हणाले असते.

सर मान खाली घालून बसले होते. मी त्यांना म्हटलं, कुत्रं आणलंत ते समजू शकते, पण पाहुण्यांचं आहे म्हणालात ते का? ते म्हणाले, "घर जाईल अशी भीती वाटली. शाळेचं वर्ष सुरू झालंय मुलाचं." एवढंच. दुसरी सबब सांगितली नाही, आणि त्यामुळे माझा राग जरा खाली बसला.

या जागी मला भाडेकऱ्यांनाही काही सांगायचंय. लपवू नका हो. लपवलेलं कुत्रं हे मालकापेक्षा कुत्र्याला जास्त महाग पडतं. आवाज येऊ नये म्हणून त्याला दिवसभर खोलीत कोंडायचं, कुणी पाहू नये म्हणून फिरवायचं अंधारात, घाईघाईत. हे पश्मी रात्री अकराला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, बास. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आखूड साखळीनं बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, दोन्हीला क्रूरता म्हणतो. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडून देणं हीसुद्धा क्रूरताच. (दंड किती, तर पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. १९६० चे रुपये तसेच राहिलेत.) म्हणजे त्यांनी कुत्रं ठेवलं तसं ठेवणं चूक, आणि मी "दोन दिवसांत हलवा" म्हणाले असते तर त्यांनी जे केलं असतं तेही चूक. कारण "हलवा" म्हणजे कुठं? आपल्याकडे त्याचा अर्थ एकच असतो. पोत्यात घालून टेम्पोत टाकायचं आणि गावाबाहेर हायवेला सोडायचं. मी ते शब्द बोलले असते आणि पुढचं मला कळलंही नसतं. घर माझं स्वच्छ, हात माझे स्वच्छ.

तर आम्ही काय केलं. काकूला खाली बोलावलं. ती येईना. मग सर कुत्र्याला घेऊन मागच्या मोकळ्या जागेत गेले, तेव्हा ती जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आली आणि तिथंच बसली. बैठक तशीच झाली, ती पायरीवर, आम्ही बोळात. काकूची एकच अट होती, "माझ्या जिन्यापाशी ते दिसलं नाही पाहिजे." बाईंचं म्हणणं, मागे ऊन फार लागतं. शेवटी मागे पत्र्याचं शेड करायचं ठरलं, खर्च त्यांचा. मागच्या भिंतीला लोखंडी कडी ठोकायची, साखळी लांब. सकाळ-संध्याकाळ उजेडी फिरवायचं. बोळातून न्यायचं तर आधी काकूला हाक मारायची. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी आणि त्याचं कार्ड मला दाखवायचं. (उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे १९८७ पासूनचं, बाईंच्या माहेरची जनावरं तिथं नेत असत, त्यामुळे इंजेक्शन त्यांना नवीन नव्हतं. काढायचं राहून गेलं होतं एवढंच.) घराचं नुकसान डिपॉझिटमधून. आणि हे कुत्रं गेल्यावर दुसरं आणायचं तर आधी विचारायचं.

हे सगळं नव्या करारात लिहिलं आणि या वेळी रीतसर नोंदवलं, ऑनलाइन, अंगठे लावून. शहरात नोंदणीला हजार रुपये, वर स्टॅम्प ड्यूटी. दीड वर्षापूर्वी हजार रुपये वाचवले होते त्याची ही किंमत.

भाऊ म्हणतो, जास्तीचं डिपॉझिट घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही. त्यांचं दोन महिन्यांचं डिपॉझिट माझ्याकडे होतंच, आणि वडील गेलेल्या बाईकडून वडिलांच्या कुत्र्याचं वेगळं भाडं घेतल्यासारखं ते मला वाटलं. हे व्यवहाराला धरून नाही, मान्य आहे. तुम्ही घ्या. पण घेताना एक करा, आधी सांगून घ्या.

आणि प्रत्येक वेळी हो म्हणा असंही मी म्हणत नाही. चावरं कुत्रं असेल, घरात चालायला धडपडणारं माणूस असेल, दोन खोल्यांत तीन कुत्री असतील तर सरळ नाही म्हणा. पिंजऱ्यातल्या पोपटाला तर नाहीच म्हणा. पूर्वी आमच्या प्रत्येक नातेवाइकाच्या ओसरीवर एक मिठू असायचा, मिरची खाणारा, त्याला कुणी मालकानं कधी हरकत घेतल्याचं ऐकलं नाही. आणि आपला हा हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे! गंमत बघा, जे कायद्यानं चालत नाही ते आपण कौतुकानं टांगतो, आणि जे चालतं त्याला हाकलतो.

काकू आणि कुत्र्याची मैत्री वगैरे झाली नाही. तशी अपेक्षा असेल तर माफ करा. ते वर्षभर होतं, काकूनं त्याला एकदाही हात लावला नाही. फक्त पहिले काही महिने तिचा रोज फोन यायचा, मग आठवड्याला, मग तिनं विषय काढणं सोडलं. एकदा दिवाळीत फटाक्यांना भिऊन ते शेडच्या कोपऱ्यात थरथरत होतं, तर वरून ओरडली म्हणे, "अरे, घरात घ्या ना त्याला, बघत काय बसलात!" हे मला बाईंनी सांगितलं. काकूला विचारलं तर म्हणाली, मी नाही असं काही बोलले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सरांना दुसरीकडे नोकरी मिळाली, गावाजवळ. घर सोडताना मागच्या दाराची खालची फळी पंज्यांनी खरवडलेली निघाली. सुतारानं दोन हजार तीनशे घेतले, ते मी डिपॉझिटमधून कापले. सर काही बोलले नाहीत, बाई मात्र दारापाशी जरा वेळ उभ्या होत्या. त्यानंतरचे भाडेकरू अगदी निर्मळ, कुत्रं नाही, मांजर नाही. त्यांनी आठ महिन्यांत बेसिन फोडलं आणि दोन महिन्यांचं लाइटबिल थकवून गेले.

आता तिसरे आहेत. करार नोंदवलेला आहे, त्यात प्राण्यांची अट आहे, "मालकास लेखी विचारून" अशी. एजंट म्हणाला, ही अट कशाला, सरळ "मनाई" लिहा, सगळे तसंच लिहितात. मी तशीच ठेवली.

मागचं पत्र्याचं शेड सर जाताना काढून घेऊन गेले. भिंतीतली कडी राहिली आहे. काकूनं तिला दोरी बांधली आहे, तिच्या नऊवारी तिथं वाळतात. ऊन चांगलं लागतं म्हणे.